घड्याळ धरणाऱ्याचं कलम

१२ जानेवारी, सोमवार

सकाळीच प्रिंटर अडकला. दोन सातबारे वाया. तिसरा नीट आला, तरी नावातली वेलांटी पुन्हा तपासली.

दुपारी तुळशीरामजी घड्याळवाले आले. मी काम करतो त्या सेतू सेंटरपासून चार दुकानं सोडून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. (नाव लांब आहे, पुढे तु.जी लिहीन.) म्हणाले, "सरकारनं पैजेचा कायदा काढला म्हणते. त्याची परत काढून दे. पूर्ण." मी सांगितलं, कायदा नाही, मसुदा आहे. हरकती आणि सूचना मागवल्या आहेत, २ फेब्रुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ते म्हणाले, "म्हणजे अजून कच्चाच हाय. मग तं बरं झालं."

मालक मनोजभाऊ हसले. "काय काका, ह्या वयात पैजा लावता का?"

"मी चाळीस साल शंकरपटाचं घड्याळ धरलं, मनोज. लोकायनं माझ्या अंगठ्यावर पैजा लावल्या. पाहू तं दे काय लिहून राह्यले."

पानं स्टेपलरला आवरली नाहीत. दोऱ्याने शिवून दिली.

१३ जाने.

तु.जी मसुदा डोळ्याला भिंग लावून वाचतात. घड्याळं उघडतात तेच भिंग. एक कलम झालं की भिंग काढतात, बाहेर रस्त्याकडे पाहतात, पुन्हा लावतात. मला म्हणाले, "उपखंड म्हणजे काय सांग." मलाही नक्की माहीत नव्हतं. सेंटरवर येऊन शोधलं, मग जाऊन सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत मीही वाचायला घेतला. अकरावीत शाळा सुटली, तेव्हापासून इतकं लांब काही सलग वाचलं नव्हतं. भीती वाटली होती की कळणार नाही. पण कळतं. आधी शब्दांचे अर्थ, मग परवाना कोणाला, मग काय करायचं नाही, मग शिक्षा. एका शब्दाचा एकच अर्थ. माणसं अशी बोलली तर किती बरं होईल.

थोडक्यात असं: खेळांवर पैजा चोरून चालतात, त्या परवान्याखाली आणायच्या. कोणत्या खेळांवर, त्याची यादी शेवटी आहे. गावाकडच्या शर्यतीही, बैलजोड्यांचे पटही यादीत येऊ शकतात, "निकाल प्रमाणित असल्यास". म्हणून सगळ्या पट कमिट्या धावपळ करत आहेत. यादीत नाव आलं की पटाला मान आणि मदत दोन्ही.

१५ जाने., गुरुवार

कलम ९ मध्ये "निकाल" हा शब्द पाच वेळा आहे. व्याख्यांमध्ये एकदाही नाही. मी तीनदा पाहिलं, आपलीच चूक असेल म्हणून. नाही. खरंच नाही.

भीतभीत तु.जींना दाखवलं. त्यांनी भिंग लावून दोन्ही पानं पाहिली. मग म्हणाले, "शाबास. मी तीन दिवसांपासून तेच धुंडून राह्यलो होतो, सापडत नव्हतं. पाह्य, बैलाची तपासणी हाय. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं वय हाय. कमिटीचा दाखला हाय. पैज लावणाऱ्याचं आधार कार्डसुद्धा हाय. घड्याळ धरणाऱ्याचं काहीच नाई."

घरी जाताना दोनदा आठवलं, "शाबास" म्हणाले ते.

१८ जाने., रविवार

तु.जी मला पटाला घेऊन गेले. देवळीपासून बसने पाऊण तास. मी लहानपणी एकदाच गेलो होतो. गर्दीत छातीत धडधडतं, म्हणून नंतर टाळलं.

आज समजलं ते लिहून ठेवतो. जोड्या एकत्र पळत नाहीत. एकेक सोडतात. तिकडच्या टोकाला झेंडी पडते, माइकवर "सुटली" म्हणतात, इकडच्या टोकाला घड्याळवाला उभा असतो. जोडीने रेघ ओलांडली की त्याने दाबायचं. ज्याचा वेळ कमी, तो पहिला. सात-आठ सेकंदांचा खेळ. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे एक पाइंट, आणि दोन पाइंटांवर बक्षीस जातं. मोठ्या पटांना आता मशीन आली आहे. छोट्या गावांत अजून अंगठाच.

यंदा तु.जी घड्याळ धरत नाहीत. कमिटीने बोलावलं होतं. "डोळ्याचं आप्रेशन झालं, डॉक्टरनं धुळीत जाऊ नको म्हटलं," असं सांगून टाळलं. पण धुळीतच उभे होते, रेघेच्या दोरीला धरून.

मला एक घड्याळ दिलं. "तिकडं तोंड करून उभा राह्य. पाठ पटाकडे. 'सुटली' म्हटलं का सुरू कर. लोक ओरडले का बंद कर. मांगं पाहू नको." स्वतः दुसरं घड्याळ घेऊन रेघेकडे पाहत राहिले.

अकरा जोड्या. मी वहीत दोन रकाने केले. माझा वेळ, त्यांचा वेळ. दहा जोड्यांना माझा वेळ जास्त, वीस-पंचवीस पाइंटांनी. ते बरोबरच आहे, जोडी पोचल्यावर लोक ओरडणार. एका जोडीला माझा वेळ कमी आला. तीस पाइंटांनी. मी म्हटलं, "माझं चुकलं असेल, घाईत दाबलं असेल."

त्यांनी वही घेतली. भिंग लावून तोच आकडा पाहिला. मग वही मिटून मला दिली.

"तुझं नाई चुकलं, सुगत."



१९ जाने.

तु.जींचं दुकान बंद. असं कधी नसतं. दोनदा जाऊन पाहिलं.

२० जाने., मंगळवार

आज सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो, म्हणजे पुढे माझ्या हातून त्यात फेरफार व्हायला नको.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जवळचं दिसत होतं, उलट आधीपेक्षा बरं. घड्याळाचे काटे, स्प्रिंगा, सगळं. दूरचं मात्र धूसर. बारीक काम दिसतंय म्हणून त्यांनी स्वतःलाच फसवलं. "गेल्या साली पूर्ण मोसम मी डोळ्यानं घड्याळ दाबलंच नाई. कानानं दाबलं. माइकवर सुटली म्हटलं का सुरू, लोक ओरडले का बंद. मले वाटलं, सारखंच तं हाय. सगळ्यायले तेवढाच उशीर. मंग कोणाचं काय नुकसान?"

दिवाळीआधी ऑपरेशन झालं. नीट दिसायला लागल्यावर पहिला पट पाहिला तेव्हा लक्षात आलं की काही जोड्यांना लोक आधीच ओरडतात. जोडी अजून रेघेवर पोचलेलीही नसते.

मी म्हटलं, "आपल्या गावची जोडी असेल तर गाव ओरडणारच."

"तसं असतं तं मी गप बसलो असतो. पण मले आवाज आठवते ना. एका माणसाचा आवाज फाटका होता, खोकल्यावानी. तो देवळीकडच्या पटात होता. केळझरकडच्या पटात होता. तिकडं हिंगणघाटाकडंही होता. आवाज तेच, गाव बदलत होतं, जोडी बदलत होती. त्या माणसायले गावच नव्हतं."

डोळ्यांचं तर त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. मग त्या पैजवाल्यांना कसं कळलं, मी विचारलं.

"मले दुरून कोणी हात केला तं मी हात करत नव्हतो. गावातले म्हणाले, म्हातारा माजला. पैजवाल्यानं बरोबर ओळखलं. तो बैलाकडे पाहत नाई, माणसाकडे पाहते."

त्यांना कोणी काही विचारलेलं नाही. कोणाला संशय नाही. न सांगता मेले असते तरी लोक म्हणाले असते, घड्याळवाला असावा तर असा.

२२ जाने., गुरुवार

सूचना लिहायला बसलो. ते सांगतात, मी लिहितो.

मी सुरुवात केली, "मी आपला अपराधी असून". त्यांनी थांबवलं. "मी कसा आहो ते नको लिहू. मी काय केलं ते लिही."

मग हे लिहिलं: "मी गेल्या मोसमात दृष्टी अधू असताना निकाल दिले. रेघ दिसत नसल्याने प्रेक्षकांच्या आवाजावर घड्याळ थांबवले. काही माणसे हे ओळखून ठरवून आधी ओरडत होती. त्यामुळे कोणते निकाल खरे व कोणते चुकीचे, हे मी आज सांगू शकत नाही."

शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी माझा हात दाबला, लिहू नको म्हणून असेल असं वाटलं. नव्हतं. "हळू लिही, अक्षर नीट येऊ दे," एवढंच.

मागण्या: निकाल देणाऱ्याच्या डोळ्यांची व कानांची दरवर्षी तपासणी. रेघेजवळ प्रेक्षक नकोत. दोन घड्याळं, दोन माणसं, एकमेकांना न दिसणारी. निकाल देणाऱ्याच्या घरातल्या कोणीही पैज लावू नये.

मी म्हटलं, आणखी एक पाहिजे. जो स्वतःहून आपली चूक सांगेल त्याला शिक्षा नको. ते म्हणाले, "मी माझ्यासाठी कायदा मागत नाई." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही. तुमच्यानंतर एखाद्याला दिसेनासं झालं तर त्याने कोणाकडे जायचं? शिक्षा असेल तर तो लपवणारच." मोठ्या माणसाशी मी कधी वाद घातला नाही.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "घाल. पण तुझ्या शब्दात."

घातलं: "निकाल देणारी जी व्यक्ती, कोणी विचारण्यापूर्वी, आपली चूक लेखी कळवील, तिला केवळ त्या कारणाने अपात्र अथवा दोषी धरू नये." सात वेळा खोडून हे झालं. कायद्यात माझं एक वाक्य. अजून नाही, पण कागदावर तरी.

२४ जाने.

मनोजभाऊंनी स्क्रीनवर पाहिलं. आधी वाटलं रागावतील. ते खुर्ची ओढून बसले आणि पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "अबे, हे सूचना हाय का कबुलीजबाब?"

"दोन्ही."

"म्हातारा एकदम कडक निघाला. पण त्याचं नाव काढ. खाली 'एक नागरिक' टाक."

फॉर्ममध्ये नाव, पत्ता, आधार सक्तीचे आहेत. निनावी सूचना विचारात घेणार नाहीत असं वरच लिहिलं आहे. मी दाखवलं. मनोजभाऊ म्हणाले, "मंग त्याले समजाव. केशवराव कोण हाय माहीत हाय ना?"

नव्हतं माहीत. आज कळलं. केशवराव म्हणजे तु.जींचे व्याही, आपल्याकडे म्हणतात तसे इवाई. मुलगी रेखाताई त्यांच्या घरी दिली आहे, केळझरजवळ. गेल्या मोसमात सगळ्यात जास्त पट जिंकली ती केशवरावांची जोडी. मोऱ्या आणि लखन, तु.जींनी कागदात उदाहरण म्हणून लिहायला सांगितले तेच. घड्याळ तु.जींचं. त्याच नावावर जोडी विकली गेली, आणि आता केशवराव तिथल्या पट कमिटीचे अध्यक्ष. यादीत नाव यावं म्हणून त्यांनी गेल्या मोसमाचेच निकाल जोडले आहेत.

म्हणजे तु.जींनी हे पाठवलं तर ते निकाल संशयात. आणि मुलगी त्याच घरात.

त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. इतके दिवस सोबत बसलो, तरी नाही. मला वाटतं, सांगितलं असतं तर मी लिहायला कचरलो असतो, हे त्यांना माहीत होतं.

२६ जाने.

झेंडावंदन. आई विहारातून आली, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू कशाले घाबरतं? सही तुझी हाय का?" मग थोड्या वेळाने, "त्या बाबाले एक दिवस जेवाले आण."

२८ जाने., बुधवार

केशवराव आले. तु.जींच्या दुकानात. मी तिथेच होतो, उठायला लागलो तर तु.जी म्हणाले, "बस."

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. केशवराव उंच, पांढरे कपडे, हळू बोलणारे. चप्पल बाहेर काढून आत आले.

"इवाई, ऐकून राह्यलो ते खरं हाय का?"

"काय ऐकलं?"

"का तुम्ही सरकारले लिहून देऊन राह्यले, माझी जोडी खोटी म्हणून."

"जोडी खोटी नाई. घड्याळ खोटं होतं."

"घड्याळ तुमचंच होतं ना?"

"माझंच. म्हून मीच लिहून राह्यलो."

केशवराव स्टुलावर बसले. "माझ्या गावचे पोरं ओरडले असतील. आपल्या जोडीसाठी ओरडणं गुन्हा हाय का? आता ओरडायचाही परवाना काढायचा का आम्ही?"

तु.जी हसले. केशवरावांनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

"तुमचे पोरं ओरडले का ते दुसरे, मले नाई माहीत. तेच तं सांगून राह्यलो. मले माहीत नाई."

"मंग जे माहीत नाई ते लिहाले काऊन निघाले?"

केशवराव उठले, चप्पल घातली. दारातून म्हणाले, "रेखा मले पोरीसारखी हाय. तिले मी एक शब्द बोलणार नाई. पण लोक बोलतील, तं त्यायले मी अडवू शकत नाई. एवढंच सांगाले आलतो."

धमकी नव्हती ती. म्हणून जास्त भीती वाटली.

३० जाने.

तु.जी कागद मागायला आले. लाल पेन. मी समजलो, नाव खोडणार. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्याची आता लाज वाटते.

त्यांनी स्वतःचं नाव नाही खोडलं. जिथे उदाहरण म्हणून मोऱ्या-लखन आणि गावाचं नाव होतं, ते खोडलं.

मी म्हटलं, "मग पुरावा कमी पडेल. अधिकारी म्हणतील, कोणता पट, कोणती जोडी."

"बैल इमानदारीनं पळाले, सुगत. त्यायले कोण ओरडलं, कोण नाई, काय माहीत? जोडीचं नाव कागदात आलं का लोक जोडीलेच चोर म्हणतील. निकाल माझ्या नावानं गेला होता. माझंच नाव राहू दे."

मी पुन्हा टाइप केलं. मोऱ्या, लखन काढले. त्या जागी "एका जोडीस". वाक्य सपाट झालं, पण खरं राहिलं.

मला वाटायचं, हिंमतवाला माणूस मोठ्याने बोलतो. तु.जी बोलतात तेव्हा बाजूच्या रसवंतीचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा असतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

शेवटची तारीख. नीट लिहितो.

तु.जी दोनला आले. धुतलेला सदरा. फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता, चार वेळा तपासून. आधार क्रमांक टाकला. ओटीपी गेला, पण यांच्या फोनवर येईना. नंबराचे शेवटचे दोन अंक पाहिले. यांचे नाहीत.

तु.जी अंक पाहून म्हणाले, "हा तं रेखाचा."

आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल, रेखाताईचा. लग्न होऊन नंबर तिच्यासोबत केळझरला गेला. आधारला मात्र तोच राहिला. माझ्याकडे रोज असे पाच-सहा लोक येतात, कोणाचा ओटीपी जावयाकडे, कोणाचा पुण्याला पोराकडे. मी विचारायला हवं होतं. इतकं सगळं तपासलं आणि हेच नाही तपासलं.

म्हणजे पाठवायचं की नाही हे आता रेखाताईच्या हातात, केशवरावांच्या घरात बसून.

तु.जी म्हणाले, "लाव फोन."

पहिल्यांदा उचलला नाही. ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पाठवला. साडेतीन. साइट फिरत राहिली. पुन्हा. चार वाजून दहा मिनिटांनी तिने उचलला. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं.

"बाबा, मले मेसेज येऊन राह्यले. हे तेच हाय का?"

"हो."

"थांबा, मी अंगणात येते." थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज. "बोला. आमच्या जोडीचं नाव हाय का त्यात?"

"नाई."

"तुमचं?"

"हाय."

ती काही बोलली नाही. तु.जींनीही आग्रह केला नाही. एक शब्द नाही. ते समजावतील, रागावतील, निदान 'बेटा' तरी म्हणतील, असं मला वाटत होतं. ते टेबलावर हात ठेवून थांबले. मनोजभाऊंनी पंखा बंद केला, आवाज नीट यावा म्हणून.

मग ती म्हणाली, "डोळ्याचं मले तरी सांगाले पाहिजे होतं, बाबा."

"चुकलं माझं."

"लिहा."

आकडे तिने एकेक सांगितले, लहान मुलांना पाढे सांगतात तसे. शेवटचा आकडा दोनदा. मी टाकला. गेलं.

चार वाजून एकवीस मिनिटं. पोच आली. तीन प्रती काढल्या. एक त्यांना, एक फाइलला, एक मी माझ्याकडे ठेवली. का ते माहीत नाही.

५ फेब्रु.

गावभर झालं. मनोजभाऊंनी कोणाला तरी सांगितलं असणार, मी नाही. स्टँडवर पोरं त्यांना "कानवाले बाबा" म्हणायला लागली आहेत. तु.जी म्हणाले, "बरोबरच हाय. म्हणू दे."

एका कमिटीने जुन्या सत्काराचा फोटो आपल्या फळ्यावरून काढला म्हणे. दुसरीकडून एक माणूस आला, घड्याळ दुरुस्तीला देऊन गेला. घड्याळ चालूच होतं. तु.जींनी उघडलं, पाहिलं, बंद केलं, परत दिलं. "काहीच नाई झालं याले." तो म्हणाला, "माहीत हाय. तुम्ही बसून आहात का पाहाले आलतो."

८ फेब्रु., रविवार

आईच्या म्हणण्यावरून तु.जी जेवायला आले. वांग्याची भाजी दोनदा घेतली. आईने विचारलं, पोरीचा फोन येते का. म्हणाले, येतो, सकाळी, सासू विहिरीवर गेली का. तिला घरात कोणी काही बोलत नाही. "कोणीच काही बोलत नाई," असं ती म्हणाली. आईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

१२ फेब्रु., गुरुवार

मेसेज आला. यावेळी मी नंबर बदलून दिला होता. १६ तारखेला वर्ध्याला सुनावणी, जिल्ह्यातून आलेल्या सूचनांवर. मूळ निकालवही घेऊन हजर राहावे.

"तू येजो," म्हणाले. "मी अडकलो तं वाचून दाखवजो."

मी हो म्हटलं. चार दिवस झोप लागणार नाही, पण हो म्हटलं.

१६ फेब्रु., सोमवार

सकाळच्या बसने वर्धा. वेळेच्या दीड तास आधी पोचलो, माझ्यामुळे. तु.जींनी वही मांडीवर धरली होती, सुती कापडात बांधून.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं. पट कमिट्या, दोन वकील, एक कबड्डीवाले गुरुजी. मागच्या रांगेत केशवराव. अधिकारी बाई होत्या. प्रत्येकाला पाच मिनिटं. बहुतेक जण आपल्या खेळाला यादीत घ्या, एवढंच बोलले.

तु.जींचं नाव पुकारलं. ते उभे राहिले. मी वाचायला कागद काढला, पण त्यांनी स्वतःच सांगितलं, न अडकता. मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द जास्त नाही. मधे कोणीतरी मागून हसलं, मग थांबलं.

बाईंनी विचारलं, "मागच्या मोसमातले किती निकाल चुकीचे असतील?"

"मले माहीत नाई."

"अंदाजे?"

"अंदाजानंच तं वाटोळं केलं, म्याडम. आता अंदाज नाई सांगत."

बाईंनी लिहून घेतलं. मग आमचा कागद उलटून म्हणाल्या, "हे शेवटचं कलम, स्वतःहून चूक सांगणाऱ्याचं. हे कोणी लिहिलं?" तु.जींनी माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो की नाही ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "हे विचारात घेऊ. घेतलं जाईलच असं नाही." त्यांच्या पेनाने त्या वाक्याच्या बाजूला एक उभी रेघ ओढली. ती मी पाहिली.

निकालवही ठेवून घेतली. सुधारित मसुदा कधी येईल ते सांगितलं नाही. यादीत पट येणार की नाही, तेही नाही. मागच्या मोसमाच्या निकालांचं काय, हे "स्वतंत्रपणे कळवू".

बाहेर व्हरांड्यात केशवराव उभे होते. त्यांनी हॉलमध्ये बोलायला नाव दिलं होतं. पुकारल्यावर उठलेच नाहीत. ते जवळ आले. मी बाजूला झालो, पण ऐकू येत होतं.

"इवाई, आता इथं कोणी नाई. मले एकट्याले सांगा. माझे बैल पहिले आलते का नाई?"

तु.जींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं. मी असतो तर म्हटलं असतं.

"मले दिसलं नाई, केशवराव."

केशवरावांनी मान हलवली. पायऱ्या उतरून गेले.

आम्ही स्टँडवर आलो. देवळीची बस लागलेली होती. चढलो, खिडकीशी तु.जी, मधे मी. बस सुटायच्या बेताला केशवराव चढले. सगळी बस पाहिली. मग आमच्याच सीटच्या कडेला बसले. मी आत सरकलो.

त्यांचं गाव दुसऱ्या अंगाला आहे. केळझरची बस पलीकडच्या फलाटावर लागते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. कंडक्टर आला. केशवराव म्हणाले, "देवळी, एक."

देवळीला उतरल्यावर तु.जींनी दुकानाचं कुलूप काढलं. केशवरावांनी चप्पल बाहेर काढली. दोघे आत गेले. मी सेंटरवर आलो.